अकरा नंबरचा भाव

मंगळवार, १२ मार्च २०२४. सकाळी ढगाळ. दूध एक लिटर. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला. खालच्या मजल्यावर भाऊजींची नात आठ दिवसांच्या रजेवर आली. दुपारी दोघं वर आली. १९६५ ते १९७४ च्या डायऱ्या ट्रंकेतून काढल्या. भाऊजींचा आजचा भाव काढायचा आहे म्हणे.

शेवटचं वाक्य लिहिताना मी थोडी थांबले होते, कारण त्याचा अर्थ मला नीट लागला नव्हता. आता सगळं होऊन गेलं आहे, तरी पूर्ण लागला असं म्हणवत नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकोणऐंशी. पंप बनवणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. पण गावात त्यांना कुणी फिटर म्हणून ओळखत नाही. त्यांचं नाव 'डावा'. नऊ वर्षं ते कारखान्याच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूला, अकरा नंबरचा शर्ट घालून खेळले. उजवा पाय, ते स्वतःच म्हणायचे, फक्त उभं राहण्यापुरता. त्या खेळाबद्दल मिळायचं काय, तर नोकरी कायम, वर्षाला बुटांचा एक जोड आणि रोज कॅन्टीनमधून दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध. दूध त्यांना आवडायचं नाही, ते हे पिऊन टाकायचे. 'हे' म्हणजे माझे यजमान, त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. भावाभावांत पाच वर्षांचं अंतर, पण पाठमोरे उभे राहिले की खुद्द सासूबाई एकाला हाक मारायच्या आणि वळून दुसराच बघायचा.

नात ज्या ऑफिसात काम करते तिथे फुटबॉलपटूंच्या किमती काढतात. निरनिराळ्या काळातले मोठे खेळाडू आज असते तर त्यांना किती पैसे मिळाले असते, असा एक तक्ता तिने नुकताच केला होता. तेव्हाच्या क्लबांची मिळकत, आताची मिळकत, गोल, वय, दुखापती, टीव्ही, असं बरंच काही त्यात जातं. तिने मला दोनदा समजावलं. मला एवढंच कळलं की माणूस गेल्यावरही त्याचा भाव चढत राहतो.

रविवारी कारखान्याच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. तिथे हॉलमध्ये एक फलक लावायचं ठरलं होतं. जुन्या संघातले अकरा जण, आणि प्रत्येकापुढे त्याचा आजचा भाव. गंमत म्हणून. कल्पना नातीचीच. पण क्लबाचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, म्हणून तिला माझ्या डायऱ्यांची आठवण झाली.

मी शाळेत असल्यापासून डायरी लिहिते. आमच्या सिस्टर सांगत, मत लिहू नका, घडलं ते लिहा, आणि लिहिलेल्या पानात पुन्हा हात घालू नका. मी दोन्ही पाळलं. त्यामुळे कोणत्या तारखेला किती किलो साखर आणली आणि भाऊजींनी किती गोल केले, हे एकाच शाईत सापडतं. मैदानावर मी कधी गेले नाही. संध्याकाळी हे यायचे, मी विचारायची, हे सांगायचे, मी लिहायची.

तीन दुपारी मी वाचत गेले आणि नात तिच्या यंत्रात भरत गेली. भाऊजी खुर्चीत बसून ऐकत होते, मधूनच एखाद्या गोलकीपरला पन्नास वर्षांनी शिवी देत होते. एकूण सामने दोनशे अकरा, गोल चौऱ्याण्णव. गुरुवारी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलेल्या १७ नोव्हेंबर १९६८ वर आलो. त्या दिवशीचा अंतिम सामना गावात अजून सांगतात. मी वाचलं, "भाऊजींचे दोन गोल. दुसरा उजव्या पायाने. कप आपल्याकडे."

नातीने मान वर केली. दोन्ही पायांनी खेळणारा माणूस महाग असतो, पंधरा टक्के वर धरतात, म्हणाली. तिने बोटं चालवली आणि आकडा सांगितला. वर्षाला साडेचार कोटी.

भाऊजींनी विचारलं, दिवसाला किती. एक लाख तेवीस हजार, ती म्हणाली. रविवार धरून का, त्यांनी विचारलं. रविवार धरून. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणजे सकाळपासून मी दाढी केली, पेपर वाचला आणि इथे बसलो, यात साठ-सत्तर हजार झाले की, म्हणाले. आम्ही हसलो. तेही हसले, पण अर्धवट. उठताना म्हणाले, "ते उजव्या पायाचे पंधरा टक्के काढून टाक."

"लाजता काय आजोबा, तुमचेच आहेत."

"काढ म्हटलं ना. आणि तो सामनाच धरू नकोस."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी धरत नाहीत. नात माझ्याकडे बघू लागली. आजवर शेकडो खेळाडूंचे हिशेब केले, भाव वाढवायला सगळे भांडतात, कमी करा म्हणणारा हा पहिलाच, म्हणाली. मला वाटलं, वय झालं की माणसाला मोठ्या आकड्याची भीती वाटते.

शुक्रवारी सकाळी ते पान मी पुन्हा उघडलं. आदल्या दिवशी मी फक्त खेळाची ओळ वाचली होती. पूर्ण नोंद अशी होती: "भट्टी बिघडली. भाऊजी काल रात्रीपासून कारखान्यात. त्यांचा डबा बाराला पाठवला, साडेचारला शिपायाने रिकामा आणून दिला, म्हणाला आत्ताच खाल्लं त्यांनी. सामना तीन वाजता. भाऊजींचे दोन गोल. दुसरा उजव्या पायाने. कप आपल्याकडे. ह्यांच्या नडगीवर चार बोटं सूज, स्टोअरमध्ये पेटी पडली म्हणतात. गरम पाण्याने शेकलं."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साडेचार वाजता सामना संपतो. त्याच वेळी कारखान्यातून डबा येतो. कारखाना आणि मैदान यांत तीन मैलांचं अंतर.

मग मी इतर पानं चाळली. सामन्याच्या दिवशी ह्यांची पँट चिखलात, सायकल घसरली. सामन्याच्या दिवशी ह्यांचा गुडघा सोललेला, भाऊजी तापाने पडून. अशी सात पानं निघाली. त्या सात सामन्यांत मिळून नऊ गोल. आणि २ डिसेंबर १९६८: "अंतिम सामन्याबद्दल मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ भाऊजींनी आमच्याकडे आणून लावलं. आपल्या खोलीत खिळा नाही म्हणाले." ते अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, सहा मिनिटं मागे असतं. पंचावन्न वर्षं मी त्याला किल्ली देते आहे आणि एकदाही मनात आलं नाही की खिळा काय, दहा पैशांना मिळतो.

सगळं माझ्याच अक्षरात होतं. एकेक ओळ बरोबर. फक्त एका ओळीशेजारी दुसरी ठेवून बघायचं मला कधी सुचलं नाही. दिवसभर मला काही उमगेना. राग आला म्हणावं तर कुणाचा? आनंद झाला म्हणावं तर कसला? तांदूळ दोनदा धुतले.

शनिवारी भाऊजी पाना घेऊन नळ बघायला आले. ओट्याखाली वाकले होते. मी त्यांना विचारलं, "भाऊजी, अंतिम सामन्याच्या दिवशी तुमचा डबा कुणी खाल्ला?"

ते वाकूनच म्हणाले, "मीच."

"कुठे?"

"भट्टीपाशी."

ते स्टुलावर येऊन बसले आणि पाना मांडीवर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. खेळाडूंची यादी शुक्रवारी जायची. एकदा गेली की नाव बदलता येत नसे, बदली माणूस घेता येत नसे. भाऊजी आजारी पडले किंवा कामावर अडकले तर संघ दहा जणांचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा हे म्हणाले, शर्ट दे इकडे. आणि मैदानावर कुणाला फरक कळला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी तर भट्टीच्या आत दोन माणसं काम करत होती आणि बाहेरची झडप धरायला भाऊजींशिवाय कुणी नव्हतं. पकडले गेले असते तर संघ बाद आणि दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"दादा म्हणाला, तिला सांगू नकोस. ती लिहून ठेवेल."

मी लिहून ठेवलंच असतं.

एक्कावन्न वर्षांच्या संसारात ह्यांनी मला तो गोल कितीदा सांगितला असेल. पाऊल कसं टाकलं, चेंडू खांबाला कसा घासून गेला. मी म्हणायची, जसं काही तुम्हीच मारलात. हे हसायचे आणि जेवायला काय आहे ते विचारायचे. २०१६ मध्ये गेले, तोवर हसत राहिले.

भाऊजींची अडचण वेगळी होती. लोक अजून रस्त्यात थांबवून त्या उजव्या पायाबद्दल विचारतात. ते सांगत आले, नशीब होतं. "खोटं बोललो नाही वहिनी, पण खरंही नाही. गप्पांत ते खपून गेलं. उद्या ते भिंतीवर कोटीत लिहिलं जाणार. दादाचा गोल माझ्या नावावर विकायला काढल्यासारखं वाटतंय." सांगून टाकावं, तर कपाला डाग लागतो. संघातले चार जण हयात आहेत, त्यांनी काय घोडं मारलंय? न सांगावं, तर आपलंच तोंड आरशात बघवणार नाही. माझं मत विचारलं. मी म्हटलं, मला मत लिहायची सवय नाही, द्यायची कुठून असणार.

शेवटी आम्ही नातीला बोलावलं. तिने तोंडावर हात ठेवून ऐकलं आणि मग तिच्या पद्धतीने आकडेमोड केली. सात सामने वजा, पंधरा टक्के वजा, आजोबा साडेतीन कोटींवर आले. मग तिने मोठ्या आजोबांचे सात सामने आणि नऊ गोल भरले आणि पुसले. पुन्हा भरले. अकरा कोटी.

इतक्या कमी सामन्यांवर भाव काढायचाच नसतो, यंत्र वाहवत जातं, असं ती समजावत होती. भाऊजी ऐकत नव्हते. गुरुवारपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "बघा वहिनी. दादा माझ्या तिप्पट."

मी त्या अकरा कोटींच्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवत असे. विजेचं बिल तो दोनदा तपासत असे. या दोन गोष्टी आणि तो आकडा मला एका पानावर मांडता येईनात, अजूनही येत नाहीत.

रविवारी मेळाव्याला मी पण गेले. लोखंडी खुर्च्या, चहा, मागच्या भिंतीवर फलक. अकराव्या ओळीत आकड्याची जागा नातीने कोरी ठेवली होती. गोलाबद्दल विचारणा झालीच. भाऊजी उभे राहिले आणि माईक न घेता म्हणाले, "तो गोल माझ्या दादाचा. मी त्या दिवशी भट्टीवर होतो."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. तेव्हा जुने गोलकीपर, वय चौऱ्याऐंशी, काठी टेकत म्हणाले, "बस खाली. आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. पास दिला की तो थँक्यू म्हणायचा. तू कधी म्हणालास?"

सगळे हसले. अंतिम सामन्यात समोर खेळलेल्या संघातला एकच जण हयात होता, त्यालाही बोलावलं होतं, पण त्याला कमी ऐकू येतं. त्याला दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, मग काय झालं, गोल तर झालाच होता.

म्हणजे चारही जणांना माहीत होतं. ज्या बाईने नऊ वर्षांचा एकेक गोल लिहून ठेवला, तिलाच तेवढं माहीत नव्हतं. भाऊजी खाली बसले आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. नातीने स्केचपेन काढून अकराव्या ओळीत 'डावा'च्या पुढे 'आणि त्याचा दादा' असं लिहिलं. भावाच्या जागेचं काय करू, तिने मला विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

घरी येताना भाऊजींनी जिन्याचा कठडा धरला नाही. मी १९६८ च्या पानाला हात लावला नाही, सिस्टरांचा नियम मोडायचं हे वय नव्हे. आजच्या पानावर लिहिलं:

रविवार, १७ मार्च २०२४. १७ नोव्हेंबर १९६८ चे दोन्ही गोल ह्यांचे. नडगीची सूज पेटीने आलेली नव्हती. भाऊजींनी नळाचा वॉशर बदलला. थेंब अजून पडतो, अर्ध्या इंचाचा दुसरा आणावा लागेल.