मनगटाचं माप

परवा गुलमंडीवर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा डाग देताना धूर निघाला आणि त्या वासानं मला वडिलांची एक दुपार आठवली. ते चितेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांचं स्वतःचं जाडी मोजायचं डिजिटल व्हर्निअर बंद ठेवलं तरी आतल्या आत सेल खायचं, म्हणून त्यात बारीक स्विच बसवायचं त्यांनी आजारपणात मनावर घेतलं. आजार कॅन्सरचा आहे हे आई आणि मी जाणून होतो. त्यांना आम्ही अल्सर सांगितला होता. उन्हानं घर भट्टीसारखं तापलं होतं, कूलरची नुसती घरघर चालू होती. बारीक तार मी धरली. "हलू नको गं," म्हणत त्यांनी डाग दिला. नवा सेल घातला, स्विच सरकवला, आकडे उमटले. व्हर्निअर सुरू केलं की आधी स्वतःचं मनगट मोजायची त्यांची जुनी सवय होती. तसंच मोजलं आणि नेहमीपेक्षा बराच कमी आलेल्या आकड्याकडं ते बघतच राहिले. मग त्यांनी माप कोरलेला ड्रिलचा एक बिट मोजून पाहिला. "बिघडलं का?" आईनं विचारलं. "नाय, हे बरोबर दाखवतंय," ते म्हणाले, "तुम्हीच दोघी खरं सांगत नाय." आई उठून आत गेली. मी उरलेली तार बोटाला गुंडाळत राहिले. त्यांनी स्विच बंद केला आणि आजाराबद्दल पुन्हा कधी काही विचारलं नाही. दिवाळीच्या आधीच ते गेले.