नामदेव पुन्हा मारेल का?

आमच्या धंद्यात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लग्नाकार्यात कोणीतरी शेजारी येऊन बसतं आणि हळूच विचारतं, "तुम्ही म्हणे सांगता, माणूस पुढं मारामारी करेल का ते? आमच्या जावयाला बघा ना जरा!"

माणूस पाहून मला काहीही सांगता येत नाही. नवऱ्याला भाजी आवडली की नाही, हेसुद्धा अजून त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पण कैद्यानं लवकर सुटकेचा अर्ज केला की फाइल आम्हा तीन मानसशास्त्रज्ञांकडे येते. मोठे सर, नवी आलेली प्रीती आणि मी. आम्ही लिहायचं, याच्याकडून पुन्हा हिंसा होण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त. चुकून 'जास्त' लिहिलं तर एक माणूस उगाच आत सडतो. चुकून 'कमी' लिहिलं तर बाहेर कोणाचा तरी जीव जातो. आणि 'मध्यम' लिहिलं की वरून साहेबांचा फोन येतो, "म्हणजे नक्की काय?"

*

नामदेव खापा गावचा, घरी हातमाग. गल्लीतल्या भांडणात त्यानं एका शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली आणि तो शेजारी मेला. बरीच वर्षं आत काढल्यावर त्याचा अर्ज आला.

आमच्याकडे वीस मुद्द्यांची यादी असते. आधीच्या मारामाऱ्या, राग, दारू, बाहेर कोणाचा आधार आहे का, असं सगळं. माणसाशी तिघांनी मिळून बोलायचं, पण धोक्याचे गुण मात्र वेगवेगळे द्यायचे, एकमेकांना न दाखवता. मग पत्ते उघडावेत तसे तिन्ही कागद एकदम उलटायचे.

उलटले. सरांचं 'कमी', माझं 'मध्यम', प्रीतीचं 'जास्त'!

आमचे क्लार्क बावनेकाका चहा घेऊन उभे होते. त्यांनी तिन्ही कागदांवर नजर टाकली. "काहून जी, तीन नामदेव आले होते का?"

*

सर म्हणाले, यादीत खोट नाही, खोट आपल्यात आहे. सराव म्हणून एकमेकांवरच भरून पाहू.

भरली. सरांचे गुण नामदेवपेक्षा जास्त निघाले! हॉस्टेलात असताना मारामारी, तडकाफडकी सोडलेल्या दोन नोकऱ्या, आणि मागच्याच आठवड्यात भिंतीवर आपटलेला मोबाइल. सर हादरलेच. घरी जाऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "हे मलेच विचारायचं होतं. फॉर्म काहून भरला?"

*

त्याच महिन्यात आम्ही पाच कैद्यांना विचारलं, राग आला तर काय करता? पाचही जणांचं उत्तर एकच, "डोळे मिटतो, दहापर्यंत मोजतो, आईची आठवण काढतो." पाचवा तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मोजायला लागला!

चौकशी केली तर आत एक कैदीच मास्तर निघाला, त्याचाही अर्ज आमच्याकडे होता. बराकीत तो चक्क आमच्या प्रश्नांचा क्लास घेत होता. प्रीती म्हणाली, "ताई, ही फसवणूक आहे. याचा धोका वाढवा." सर म्हणाले, "अवं, दुसऱ्याले शिकवते तो! कमी कर." दीड तास आम्ही तावातावानं भांडलो. धोका कोणाचा वाढला म्हणाल तर आमचाच. मास्तरच्या कागदावर त्या रकान्यात मी शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.

अर्जदारांपैकी क्लासला फक्त नामदेव गेला नव्हता. मी कारण विचारलं.

"मले शंभरपर्यंत येते, मॅडम," तो म्हणाला. "राग नाही जात."

*

घरच्यांशीही बोलावं लागतं. नामदेवच्या धाकट्या भावाचं शहरातल्या इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान आहे. मी गेले. त्यानं स्टूल पुसून दिलं, लस्सी मागवली. "नामदेवदादा? अजी, गाय आहे गाय!"

तेवढ्यात एका हमालाचा ठेला दुकानाच्या पाटीला घासला. भावानं पाणी भरायचा पितळेचा गुंड उचलला आणि भिरकावला! हमाल वाकला, मीही वाकले, गुंड समोरच्या दुकानात जाऊन पडला. समोरच्यानं तो पुसून शांतपणे परत आणून दिला. रोजचंच असावं.

भाऊ पुन्हा हसत माझ्याकडे वळला. "सुटला का माह्याच घरी ठेवतो त्याले. टेन्शनच घेऊ नका."

'बाहेर योग्य आधार आहे का?' या मुद्द्यापुढं काय लिहावं, मला खरंच कळेना.

*

मग शेवटची मुलाखत. ठरलेला प्रश्न मी विचारला, बाहेर गेल्यावर कोणाला मारावंसं वाटेल का? यावर सगळे कानाला हात लावतात. नामदेव मात्र विचार करत बसला.

"वाटन ना," तो म्हणाला. "एक जण आहे."

प्रीतीचा पेन थांबला.

"त्या दिवशी माह्या हातात ज्यानं काठी देली, तो. माह्याच गल्लीत राह्यते."

"मग?"

"मंग मी खाप्याले जातच नाही. भावापाशी राहीन. बायकोले इकडंच बोलावून घेतो."

कागद उलटले. तिघांचंही 'कमी'! खाली अट लिहिली, खाप्याला जाऊ नये. साहेबांचा फोन आला, "तो स्वतः सांगतो मारावंसं वाटतं म्हणून, आणि तुम्ही 'कमी' लिहिता?" मी म्हटलं, खालची अटही त्यानंच सांगितली आहे. साहेबांनी सही केली आणि नामदेव सुटला. त्यानंतर कित्येक महिने मी सकाळी पेपरात आधी खापा शोधायचे. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांनी एका दुपारी नामदेव ऑफिसात हजर.

"मॅडम, तो माणूस मेला."

मी घाईनं विचारलं, "कसा?"

"म्हातारा झाला होता. बिमारीनं गेला. मी इथंच होतो, दुकानात. विचारून पाहा कोणालेही."

आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. सर म्हणाले, "मग झालं तर! आता जा खुशाल खाप्याले."

नामदेव उठला नाही.

"तो गेला जी. राग इथंच आहे," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "एवढे दिवस मले माहीत तं होतं, कोणत्या गावाले जायचं नाही."

त्यानं खिशातून ती अट लिहिलेला आमचाच जुना कागद काढला आणि टेबलावर नीट पसरून ठेवला.

"आता कुठं नाही जायचं, तेवढं लिहून द्या."