रंगीत टीव्ही आणायला अण्णांबरोबर काठमांडूला

माझ्या सोयरिकीत सगळं जुळलं आणि गाडं येऊन अडलं ते रंगीत टीव्हीवर. मुलगा घनसावंगीचा, शाळेत मास्तर. वडील लहानपणीच गेलेले, मामांनी सांभाळलेला. त्या मामांनीच बैठकीत सुपारी कातरता कातरता सांगितलं, "हुंडा-बिंडा आम्ही काही मागत न्हाई. पोराला फकस्त एक कलर टीव्ही द्या. एकवीस इंची." जसा काही पेढाच मागितला! गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आमचे अण्णा अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर, आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत. जालन्याच्या दुकानात त्या टीव्हीचा भाव चौदा हजारांच्या घरात. अण्णा भाव काढून आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले.

तोडगा काढला तो यात्रा-बसवाल्या नानांनी. नाना दर उन्हाळ्यात जालन्याहून काशी-नेपाळची बस काढायचे. ते म्हणाले, "काठमांडूत जपानी टीव्ही साडेनऊ हजाराला बसतो. देवदर्शन बी व्हईल अन् खर्च बी वाचंल. पण एकटा माणूस दिसला की नाक्यावर अडवत्यात. बाईमाणूस संगं घ्या, म्हंजी यात्रेकरू दिसतान." आईचे गुडघे धरलेले, शिवाय घरात लग्नाच्या कुरडया-पापडांचा पसारा. म्हणून माझी वर्णी लागली. आई कडाडली, "हळद लागायची पोर, अन् तिला घिऊन मुलखात हिंडता?" अण्णा म्हणाले, "टीव्ही तिचाच हाये ना? मंग तिनंच पसंद करू दे."

तुमच्यापैकी बरेच जण मला बसने काठमांडूचा बेत विचारतात, म्हणून हे लिहायला घेतलं. रस्ते आणि भाव मात्र तेव्हाचे आहेत, आता त्यावर जाऊ नका. तिकीट माणशी नऊशे, दोन वेळचं जेवण त्यातच. ताट-तांब्या आपापला. नानांनी दोन आचारी बरोबर घेतले होते आणि टपावर घासलेटचे स्टोव्ह, ज्वारीच्या पिठाची पोती चढवली होती. एक सल्ला मात्र आजही लागू आहे: जागा मधली धरा. आम्ही पैसे उशिरा भरले, मागची बाकं मिळाली, आणि खामगाव येईस्तोवर माझी हाडं मोजून घ्यायची वेळ आली. खिडक्यांना पाण्याच्या कापडी छागली लटकत होत्या. नागपूरच्या उन्हात त्यांतलं पाणीसुद्धा चहासारखं लागत होतं.

बसमध्ये निम्मे टोपीवाले म्हातारे आणि निम्म्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या. मी त्यांच्यात एकटी विशीतली. शेजारच्या बाकावर धावडा गावच्या मथुराबाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी सगळी चौकशी उरकली. "लगीन ठरलंय अन् बापासंगं हिंडून राह्यली का? हिंड बाई, हिंडून घे. पुन्हा कोण नेतंय!" अण्णा ऐकून नुसते हसले. आमचे अण्णा तसे मुलखाचे अबोल. घरात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप झालं. नेहमीच्या खाकी कपड्यांऐवजी त्यांनी नवा पांढरा सदरा-पायजमा शिवला होता आणि त्यात ते सारखे अवघडून बसत.

जबलपूर, प्रयाग करत काशीला पोचलो. काशीबद्दल काय सांगायचं, गल्ल्या अरुंद आणि गर्दी उदंड. नाववाल्याशी आधी भाव ठरवा, मधे गेल्यावर तो ठरवतो. घाटावर अण्णांनी बुड्या मारल्या आणि कमरेइतक्या पाण्यात हात जोडून कितीतरी वेळ उभे राहिले. वर आल्यावर मी विचारलं, "एवढं काय मागितलं?" टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "तुहं बराबर होऊ दे म्हणलं. मला दुसरं काय मागायचं हाये?" मी उगाच ओल्या कपड्यांचा पिळा काढत बसले.

गोरखपूरवरून सोनौलीला सीमा लागते. जाताना कुणी काही विचारलं नाही. पुढे बुटवल सोडलं की डोंगर सुरू होतात आणि मग नदी काही तुमची पाठ सोडत नाही. रस्ता एवढासा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली घुसळणारं पाणी. म्हाताऱ्या डोळे मिटून नामस्मरण करत होत्या. अण्णा मात्र खिडकीतून अर्धे बाहेर! एका वळणावर मला गदागदा हलवत म्हणाले, "शोभे, उठ! ढग खाली हायेत अन् आपण वर हाव!" मग त्यांनी मथुराबाईंना उठवलं, पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवलं. अख्खी बस उठवली म्हणा ना. "आरं बघा, बघून घ्या, पुन्हा कवा दिसायचं?" माझा बाप एवढं बोलू शकतो हे मला त्या घाटात कळलं.

काठमांडूत आमचा मुक्काम धर्मशाळेत. दिवसा पशुपतिनाथ, स्वयंभूचा स्तूप. संध्याकाळी थंडी वाजायला लागली तशी अण्णांनी टोपीवरून मफलर गुंडाळला. आम्ही दोघं शेंगा खात त्या लाकडी नक्षीच्या गल्ल्यांतून फिरलो. एका दारावरची नक्षी बघत ते इतका वेळ थांबले की आतली बाई बाहेर येऊन बघायला लागली. "तुही आई पाहिजे होती," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला तिला आणू. गुडघ्याचं औषध करू अन् आणू." मला त्या संध्याकाळी लग्न, टीव्ही, कशाचीच आठवण नव्हती.

न्यू रोडवर दुकानंच दुकानं. आपले शंभर दिले की तिकडचे एकशे साठ, पण दुकानदार आपलेच पैसे आनंदाने घेत. दुकानात लावलेल्या टीव्हीत कुठलीशी बाई गात होती. तिची साडी इतकी लाल की मी बघतच राहिले. अण्णांनी काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. लहान पोरासारखं त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "हाच का?" मी मान हलवली. साडेनऊचे सव्वानऊ झाले आणि गोदामातून आमचा टीव्ही बंद खोक्यात आला. अण्णांनी तो कुणालाच उचलू दिला नाही, धर्मशाळेपर्यंत स्वतः खांद्यावर आणला.

परतीला खरी गंमत. बुटवलच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी बस थांबली. आमचे ड्रायव्हर जालन्याचे युसूफचाचा, या रस्त्याचे जुने माणूस. त्यांनी टीव्हीवाल्यांना खाली बोलावलं. "खोका दिखा तो ड्यूटी लगी समझो. पावती, खोका, थर्माकोल, सब फेको. और इसको जल्दी पुराना करो." मग काय, रस्त्याच्या कडेला नवे टीव्ही जुने करायचं कामच सुरू झालं! कुणी धूळ चोळतंय, कुणी तेलाचा हात फिरवतंय. मथुराबाईंनी आमच्या टीव्हीला हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली. युसूफचाचांनी एक खिळा आणून अण्णांच्या हातात दिला, "दो-चार लकीर मारो." अण्णांनी खिळा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. शेवटी माझ्याकडे देत म्हणाले, "तूच मार बाई. नव्या वस्तूवर माहा हात न्हाई होत." मी मारल्या दोन रेघा, हसत हसत. मग आईच्या जुन्या लुगड्यात तो बांधला.

सोनौलीच्या नाक्यावर कस्टमचे साहेब बसमध्ये चढले. आमचं गाठोडं सोडून बघितलं आणि विचारलं, "ये क्या?" अण्णांच्या कपाळावर घाम. "पुराना हाय साब. घर का हाय."

"घर का है तो यात्रा में क्या कर रहा है?"

बोंबला! याचं उत्तर कुणीच शिकवलं नव्हतं. अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "बेटी का मन न्हाई लगता साब, इसके बिगर." साहेबांनी मला पाहिलं, कुंकवाची बोटं पाहिली आणि खो खो हसत खाली उतरले. बस हलल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा लाजले, पण गोरखपूरपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही गेलं नाही.

घरी आल्यावर तो टीव्ही कपाटाशेजारी चादरीखाली ठेवला. धाकट्या भावाने किती हट्ट केला, अण्णांनी एकदाही लावू दिला नाही. "पोरीच्या घरी पयल्यांदा लागंल." कॉलनीत मात्र रोज कुणीतरी यायचं आणि अण्णा त्यांना खाली राहिलेल्या ढगांचं सांगत बसायचे. आई कौतुकानं कुरकुरायची, "ह्या माणसाला नेपाळात वाचा फुटली."

मग लग्नाचा दिवस. कॉलनीच्या मैदानात मांडव, आणि रुखवताच्या टेबलावर मधोमध टीव्ही. अक्षतांच्या आधी मामा रुखवत बघायला आले. मी मुंडावळ्या बांधून तिथंच पाटावर बसलेली. मामांनी टीव्हीवरून बोट फिरवलं. खाचेत राहिलेलं कुंकू त्यांच्या नखाला लागलं.

"पाव्हणं, खोकं कुठंय ह्याचं?"

"टाकलं. सोनौलीच्या पल्याड."

"पावती?"

"ती बी टाकाया लावली."

"मंग सरळ सांगा ना, वापरेल हाये."

"न्हाई हो!" अण्णा म्हणाले. "कोरा हाये. नाक्यावर सोडावा म्हणून आम्हीच ओरखडे काढले."

मामा मांडवाकडे वळले. "ऐकलं का? नव्या टीव्हीला ह्यांनी सोताच्या हातानं ओरखडे काढले म्हणं!" मांडव हसला. माझं डोकं फिरलं. मी पाटावरून उठले आणि म्हणाले, "मी काढले. खिळ्यानं. नवाच आहे तो." हसू थांबलं. कुणीतरी बाई म्हणाली, "अगं माय, नवरी बोलायला लागली की!" आणि मामा शांतपणे म्हणाले, "असं असंल तर राहू द्या अक्षता जरा. बसून बोलू."

नवरदेव तिथंच उभा होता, बाशिंग बांधून. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

अण्णांनी मला खांद्याला धरून पाटावर बसवलं. मग मामांपुढं जाऊन हात जोडले. "जुनाच हाये," ते म्हणाले. "माहं चुकलं. महिन्याच्या आत कोरा आणून देतो. पोरीवर अक्षता पडू द्या."

आणि यावर सगळ्यांचा ताबडतोब विश्वास बसला. बँड सुरू झाला. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी रडतेय, ते सासरी जायच्या दुःखानं असं सगळ्यांना वाटतं.

कोरा टीव्ही महिन्याच्या आत आला, जालन्याहून, खोक्यासकट. त्यात आईच्या पाटल्या गेल्या. मामांनी चार माणसांदेखत खोकं उघडलं आणि अण्णांनी आणलेल्या त्याच जीपमधून नेपाळचा टीव्ही परत पाठवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते आमच्या बाबतीत खरं झालं. पण पैशाचं सोडा हो, पैसे फिटले. त्या दिवसानंतर अण्णांनी नेपाळचं नाव घेतलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "हाव, काशीला गेल्तो एकदा." त्यांच्या यात्रेतून तो डोंगरातला घाट गेला, ते ढग गेले, शेंगा खात हिंडलेली ती संध्याकाळ गेली. आईला न्यायचंही मग कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. दिवाळीत मला भेटायला आले की अण्णा बाहेर ओट्यावरच बसायचे. आत टीव्ही चालू असे.

काही वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेराव्यानंतर आम्ही, कारखाना सुटल्यावर ते राहायचे त्या अंबडच्या खोलीतलं सामान आवरत होतो. कोपऱ्यात तोच टीव्ही. चित्र कधीचं गेलेलं, पण अण्णांनी तो भंगारात दिला नव्हता. आमच्या यांनी तो उजेडात ओढला, फडक्यानं पुसला आणि आपल्याच तंद्रीत म्हणाले, "चांगला टिकला. नवाच होता हा. मला मांडवातच कळलं होतं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "कशावरून?"

"मी मागून पाहिलं होतं ना. वायरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती, कंपनीची तार तशीच गुंडाळलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"मामांपुढं काय बोलणार? त्यांनी वाढवलेलं मला."

माणूस वाईट नाही हो. इतक्या वर्षांत मला कधी वाकडं बोलले नाहीत. तेव्हा मामांपुढं तोंड उघडलं नाही, समजू शकते. पण मामा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि त्या सगळ्या वर्षांत माझा बाप दर दिवाळीला आमच्या ओट्यावर बसून होता. जावयानं नुसतं शेजारी बसून म्हणायचं होतं, अण्णा, टीव्ही नवा होता, मला माहीत आहे. माझ्या अण्णांना त्यांचं नेपाळ परत मिळालं असतं.

तेच मी त्यांना विचारलं. "अण्णांना तरी कधी सांगायचं होतं. एकदा."

ते फडकं घडी करत होते. म्हणाले, "राहून गेलं."