फुगलेलं आमिष

आमच्या सलूनवाल्याच्या दुकानात दोन आरशांच्या मधोमध एक रिकामी फ्रेम टांगलेली असायची. काच लख्ख पुसलेली, खिळा पक्का, आत नुसता मागचा पुठ्ठा. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "यातला फोटो कुठं गेला?" की खुर्चीतला, बाकावर वाट बघणारा आणि दारात टेकून उभा असलेला, सगळे एका सुरात ओरडायचे, "यायचाय अजून!"

तिथं टकलूचा फोटो लागणार होता. टकलू म्हणजे गावाबाहेरच्या तळ्यातला एक कार्प. कार्प हा गोड्या पाण्यातला थोराड मासा, पोटाने सुटलेला, ओठाशी मिशा, सगळं आयुष्य तळच्या चिखलात नाक खुपसून चरणारा. याच्या भाऊबंदांच्या अंगावर खवले असतात. याच्या पाठीवर मात्र दोनचार मोठे खवले सोडले तर सगळं मैदान मोकळं. "शिकाऊ माणसानं मशीन फिरवल्यासारखं," असं सलूनवाला सांगायचा. टकलू त्याच्या गळाला एकदा लागला होता, असं त्याचं म्हणणं. त्या तळ्याचा नियम असा की मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पाण्यात परत सोडायचा. म्हणजे पुरावा काय तो फोटोच. आणि तोच नव्हता.

"का नव्हता?" कोणीतरी मुद्दाम विचारायचं.

"दोन्ही हातांत मासा होता. फोन काय दाढेत धरू?"

सलूनवाल्याचा हात चालू असला की तोंडही चालू असे, आणि टकलूचा विषय निघाला की तो कैचीसकट दोन्ही हात पसरून लांबी दाखवायचा. खुर्चीतला माणूस तेवढ्यापुरते दोन्ही कान झाकून घ्यायचा. दर महिन्याला मासा वाढत होता. तळं तेवढंच होतं.

या सगळ्याला एकच माणूस हसत नसे, तो म्हणजे सलूनवाल्याचा सासरा. यांची बाजारात बेकरी. आयुष्य भट्टीपुढं गेलेलं, त्यामुळे चेहरा कायम तांबूस आणि आवाज असा की भट्टीच्या घरघरीतही ऐकू जावा. मुलानं पीठ मळायचं यंत्र आणलं, त्या दिवशी ते बेकरीतून जे बाहेर पडले ते परत गेले नाहीत. येताना फक्त एक काचेची बरणी काखेत मारून आणली. बरणीत त्यांचं जुनं खमीर होतं, ज्यानं पाव फुगतो ते आंबट पीठ. त्याला रोज मूठभर पीठ आणि पाणी घालावं लागतं, नाहीतर ते मरतं. आता मुक्काम लेकीकडे, बरणीचा मुक्काम तिच्या ओट्यावर, आणि सकाळ झाली की जावयाच्या सलूनमधल्या बाकावर पेपर घेऊन बसायचं. केस कापायला नाही, चुका काढायला.

एका रविवारी दुकान गच्च भरलेलं असताना टकलू पुन्हा हातभर वाढला आणि सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

"जावईबापू, मी जन्मभर पाव विकले. थापा नाही विकल्या."

"थापा नाहीत मामा. देवाशपथ पकडलाय."

"मग दाखवा. मी येतो तळ्यावर, तीन रात्री मुक्काम करू. मला टकलू दिसला तर याच बाकावर बसून मी सगळ्यांना सांगेन. नाही दिसला तर ती फ्रेम उतरवायची, तिथं कॅलेंडर लावायचं आणि या दुकानात टकलूचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा श्वास रोखून बसला. सलूनवाल्याला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक खुर्ची उचलून नेली असती तरी त्याला चाललं असतं. पण टकलू काढून घेतला तर दिवसभर बोलायचं काय, आणि जे बोलू ते खरं मानायचं कोणी?

घरी बायको म्हणाली, "जा दोघंही. तेवढे दिवस मला माझं घर तरी दिसेल." मग पिशवीकडं बघून, "बाबा, ती बरणी कुठं चालवलीत?"

"तिला जेवू कोण घालणार? तू विसरशील."

"तळ्यावर बरणी! लोक हसतील."

"हसू दे. उपाशी तर नाही मरणार."

सलूनवाल्यानं तयारी कडक केली होती. आधीचा आठवडाभर तो दुकानाचं शटर ओढलं की स्कूटरवरून थेट तळ्यावर जायचा आणि लव्हाळ्याच्या कडेला एका ठरलेल्या जागी उकडलेला मका आणि पिठाच्या गोळ्या टाकून यायचा. "गिऱ्हाईक असंच बांधतात," तो सांगायचा. "तीच जागा, तीच वेळ, तोच माल. मासा सवयीनं येतो. आणि एकदा आला की म्हणावं, बसा."

मुक्काम पडला. एक तंबू, दोन घडीच्या खाटा, एक स्टोव्ह. काठावर स्टँड रोवून त्यावर गळाच्या दोन काठ्या आडव्या टेकवलेल्या, आणि प्रत्येक काठीला छोटा बझर. माशानं दोरी ओढली की बझर कोकलणार, तोवर आपण नुसतं बसायचं. सलूनवाल्याला यात एकच शिक्षा होती, ती गप्प बसण्याची. आणि सासरे तर हळू बोलायला कधी शिकलेच नव्हते.

"हे असंच बसायचं?" सासऱ्यांनी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं विचारलं.

"मामा, हळू. मासे ऐकतात."

"ऐकू दे की! त्यांनाही कळू दे, दुकानात बसून तुम्ही त्यांच्याबद्दल काय काय सांगता ते."

पहिली रात्र बझर गप्प राहिला आणि सासरे घोरले. घोरणं असं की तळाचा चिखलसुद्धा हलला असेल, असं सलूनवाल्याला वाटत राहिलं. दुसरी रात्रही तशीच. एकदा बझर वाजला, सलूनवाला अंतर्वस्त्रांवरच धावत सुटला, काठी उचलली तर दोरीत अडकलेली फांदी.

"हाच का टकलू?" तंबूतून आवाज आला. "खवले खरंच नाहीत हो!"

तिसऱ्या दिवशी दुपारी सलूनवाला जागरणानं झोकांड्या खात नव्या गोळ्यांसाठी पीठ मळायला बसला. सासरे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांच्यानं बघवेना.

"पीठ मळताय का कोणाचं डोकं धुताय? व्हा बाजूला."

"मामा, हे पावाचं पीठ नाही. घट्ट मळायचं, गोटीएवढ्या गोळ्या करायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या. दगडासारख्या झाल्या पाहिजेत. तळाला गेल्या पाहिजेत, कारण मासा तळाला जेवतो."

"कळलं, कळलं. मला पीठ शिकवताय!"

सलूनवाला तंबूत जाऊन आडवा झाला. इकडं सासऱ्यांनी बाह्या सारल्या आणि हात पिठात घातले. किती दिवसांनी घातले होते कोण जाणे. जावयानं सांगितलेलं कानांनी ऐकलं होतं, पण हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. हातांनी जे नेहमी करायचं तेच केलं. बरणीचं झाकण निघालं.

संध्याकाळी उठल्यावर सलूनवाल्यानं बघितलं तर बादलीवर ओलं फडकं घट्ट बांधलेलं.

"झाल्या गोळ्या?"

"पीठ मुरतंय."

"मुरतंय कशाला?"

"पीठ आहे ते. त्याला वेळ द्यावा लागतो. तुम्ही तुमच्या काठ्या बघा."

सलूनवाला काठ्या बघत बसला. तिसरी रात्रही कोरडी गेली आणि पहाटे त्याचा डोळा लागला. बेकरीवाल्यांना पहाटे उठायला गजर लागत नाही. सासरे उठले, स्टोव्ह पेटवला, गोळ्या केल्या, उकळल्या आणि सलूनवाल्याच्या त्या ठरलेल्या जागी मुठीमुठीनं फेकून दिल्या. अर्धी बादली रिकामी केली.

सलूनवाला डोळे चोळत बाहेर आला तेव्हा उजाडलं होतं. काठावर फडकं पडलं होतं आणि बादलीच्या कडेवरून उरलेलं पीठ उशीसारखं बाहेर लोंबत होतं. त्यानं पाण्याकडं बघितलं. लव्हाळ्यापासून पार मध्यापर्यंत पांढऱ्या टपोऱ्या गोळ्या खुशाल तरंगत होत्या.

"मामा! खमीर घातलंत?"

"मग? बिनखमिराचं पीठ मी कोणाला खाऊ घालत नाही. माणसाला नाही आणि माशालाही नाही."

"अहो, आठवडाभर मी तळाला पंगत मांडली आणि तुम्ही ताटं छताला टांगलीत!"

"तुमच्या त्या दगडांना कोणी तोंड लावलं का तीन रात्री? फुकट ओरडू नका."

सलूनवाला मटकन खाली बसला. दुपारी तंबू आवरायचा होता. त्याच्या डोळ्यांपुढं फ्रेम उतरत होती. खिळ्याला कॅलेंडर लागत होतं, आणि कॅलेंडरवर बहुतेक बेकरीचीच जाहिरात असणार होती. सासरे पाठ फिरवून बरणीत पीठ कालवत बसले.

आणि पाण्यावर आवाज झाला. 'चप्'. म्हाताऱ्यानं बशीतून चहा ओढावा तसा. एक गोळी गेली आणि तिथं नुसतं वर्तुळ राहिलं. मग दुसरी. मग लव्हाळ्याजवळ एक गोल, जाड, पांढुरका ओठ वर आला, गोळीभोवती मिटला आणि खाली गेला. बघता बघता दहा जागी चपचप सुरू झाली. तळाला चरणारे सगळे वर येऊन हावरटासारखे पाव खायला लागले होते.

त्यांच्यामधून एक पाठ आली, संथ, रुंद, पाण्याबाहेर चकाकत. पाठीवर दोनचार मोठे खवले, बाकी मैदान मोकळं.

सासरे उभे राहिले. पिठाचा हात तसाच हवेत. आणि जन्मात पहिल्यांदा ते हळू बोलले. "अहो... मशीन फिरवल्यासारखंच आहे की हो."

सलूनवाला उडी मारून काठीकडं धावला. गळ तळाला नेणारं दोरीचं शिसं दातांनी तोडलं, गळाला एक फुगीर गोळी अडकवली, हात मागं नेला. तेवढ्यात शर्ट मागून ओढला गेला.

"थांबा."

"सोडा मामा! समोर आहे!"

"जेवतोय तो."

"फ्रेम, मामा! माझी फ्रेम!"

"जेवणाऱ्याला मधूनच उठवतात का? मी बघितलाय ना? मी सांगीन."

सलूनवाल्यानं त्यांच्याकडं बघितलं. सासऱ्यांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. टकलूनं आणखी एक गोळी ओढली आणि सासऱ्यांचे ओठ आपोआप तसेच गोल झाले. म्हाताऱ्याचा शब्द मोठा की गळाला लागलेला मासा, याचा हिशेब सलूनवाल्यानं क्षणभर केला. मग शिव्या पुटपुटत काठी खाली ठेवली. हात मोकळे होते, म्हणून फोन काढला. फोटो निघेपर्यंत टकलू बुडाला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीपेक्षा लवकर भरलं. ज्यांचे केस परवाच कापले होते तेही आले. सासरे बाकावर पेपर वाचत बसले. बराच वेळ बसले. कैची थांबली. म्हाताऱ्याला सूड घ्यायचा असेल तर हीच वेळ होती.

सासऱ्यांनी पेपराची घडी घातली.

"आहे," ते म्हणाले. "टकलू आहे. पण यांच्या दगडांना तो विचारत नाही. माझ्या हातचं खायला वर आला होता."

"केवढा आहे हो?" खुर्चीतल्यानं विचारलं.

आता फ्रेममध्ये फोटो आहे. त्यात सासऱ्यांची पाठ दिसते, पिठानं माखलेला एक हात आणि पाण्यावर एक वर्तुळ. नवं गिऱ्हाईक विचारतं, "यात मासा कुठाय?" सलूनवाला तोंड उघडेपर्यंत सासरे उठून फ्रेमखाली उभे राहिलेले असतात, दोन्ही हात पसरून, एका हाताचं टोक आरशाला आणि दुसऱ्याचं खुर्चीतल्या माणसाच्या नाकाला.

आणि सलूनवाला कैची वर धरून म्हणतो, "मामा, थोडा आखूड करा. माझ्या दुकानाची अब्रू जाते."