लंगडा डायनोसॉर

विल्फ्रेड ट्रँटरच्या बैठकीच्या खिडकीला पडदा नव्हता, त्यामुळे आमच्या गल्लीत बाकी करमणूक कुणाला लागत नसे. दिवेलागणीला हा गृहस्थ दोन्ही हात छातीशी आखडून, मान पुढे काढून, घशातल्या घशात गुरगुरत खोलीभर फिरायचा. समोरच्या मिसेस ओपनशॉ उसासा टाकायच्या, "बिचारी ग्लॅडिस! नवरा दारुडा असता तरी परवडला असता."

विल्फ्रेड दारूला शिवत नसे. तो सिनेमासाठी डायनोसॉर चालवायचा.

लंडनबाहेर एका स्टुडिओच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे टेबलावर त्याचा प्राणी उभा असे. हातभर उंच, आत पोलादी सांधे, वर रबराची कातडी. त्याला केसभर हलवायचं, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर तो जेमतेम उंबरठा ओलांडायचा. प्रत्येक पाऊल विल्फ्रेड आधी स्वतः टाकून बघे. अंगात आल्याशिवाय बोटांत येत नाही, म्हणे.

त्या हिवाळ्यात त्याचा डावा खुबा धरला. दुखणं त्याने चोरीच्या मालासारखं लपवलं. स्टुडिओचं फाटक दिसलं की ताठ व्हायचं, दात आवळायचे, सरळ चालत शेडमध्ये शिरायचं आणि कडी लावून मगच कण्हायचं. भीती निर्मात्याची होती. लायोनेल गार्सडेल चहात साखरसुद्धा हिशेबाने घालणारा. शेजारच्या कंपनीने जिवंत सरड्यांना शिंगं चिकटवून डायनोसॉर म्हणून खपवले, हे कळल्यापासून त्याचा जीव सरड्यांत अडकला होता.

"सरडा पगार मागत नाही, ट्रँटर," तो हसत हसत म्हणे. विल्फ्रेडही हसे. त्याचा चहा मात्र कपातच राही.

"डॉक्टरकडे चल," ग्लॅडिस रोज सांगायची.

"डॉक्टर मला झोपवेल. मी झोपलो की सरडे उभे राहतील."

मग एका दुपारी झालेलं काम पडद्यावर बघायचं ठरलं. कातडीचे सांधे ग्लॅडिस शिवत असे, म्हणून तीही आली. अंधार झाला. धुरकट दरीतून डायनोसॉर निघाला. एक पाऊल, दुसरं... आणि डावा पाय किंचित ओढला गेला. खांदा खाली आला. पाय उचलण्याआधी तो क्षणभर थबकला, जिना चढताना विल्फ्रेड थबकतो अगदी तसा.

"बाई गं! हा तर तूच!" ग्लॅडिस कुजबुजली. तिची नखं नवऱ्याच्या मनगटात रुतली.

इतके महिने त्याच्याच बोटांनी त्याची चुगली केली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. आता दिवे लागू नयेत, एवढंच त्याला वाटत होतं.

दिवे लागले.

"ट्रँटर, हा लंगडतोय," गार्सडेल म्हणाला.

ग्लॅडिसने मांडीवरची पर्स आवळली. "लंगडणारच! मांडीत भाला बसलाय त्याच्या."

"भाला? कुणी मारला?"

"ते तुम्ही ठरवा. निर्माते तुम्ही आहात ना? मी आपली शिवणकाम करणारी बाई."

गार्सडेल छताकडे बघत राहिला.

"नायकाचा भाला," गार्सडेल अखेर म्हणाला. "जखमी जनावर. बायका रडतील. ट्रँटर, तो प्रसंग आधी जोडा. आणि शेवटपर्यंत लंगडला पाहिजे! एक पाऊल सरळ पडलं तर सरडे आणतो."

दुसऱ्या दिवशी विल्फ्रेड सवयीप्रमाणे ताठ होऊन फाटकातून शिरला. पण पायरीवर खुब्यात कळ आली आणि पाय ओढला गेला, तोही नेमका गार्सडेलसमोर. सोबत पैसे लावणारे दोन सावकार.

"बघा, बघा!" गार्सडेलने त्यांना कोपराने ढोसलं. "कामावर येतानाही याचा सराव चालू!"

सावकारांनी चक्क टोप्या काढल्या. त्या दिवसापासून विल्फ्रेड राजरोस लंगडू लागला. "आता तर रस्त्यावरसुद्धा!" मिसेस ओपनशॉंनी गल्लीत बातमी फिरवली.

असं सुख फार दिवस कुणाला लाभतंय? डांबराच्या दलदलीत प्राणी बुडाला की सिनेमा संपणार होता. विल्फ्रेड त्याला केसभराऐवजी अर्धा केस हलवू लागला. पण कितीही लांबवलं तरी शेवटी नाकपुड्या बुडाल्याच. गार्सडेलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या सिनेमातला प्राणी धावणारा हं! हरणासारखा!"

त्या संध्याकाळी ग्लॅडिसने खिडकीला जाड पडदा लावला. मिसेस ओपनशॉ त्यांच्या घराच्या फाटकापर्यंत येऊन कान देऊन गेल्या. गुरगुर नव्हती. नुसते पाय वाजत होते. दोन भराभर, मग एक घसटत, मग खुर्ची आपटल्याचा आवाज. आणि ग्लॅडिसचा दबका सूर, "लागलं का रे? बरं. मान वर ठेव. पुन्हा."