टायरच्या भेगा

चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आल्यावर माझ्या नवऱ्याला स्वतःचं ताट उचलायचंही त्राण नसतं. रविवारी मात्र मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रिल मशीनला गोल ब्रश लावून तो तासभर गाडीचे टायर घासतो. पाण्याचा पाइप धरायला मी असतेच, बिनपगारी. मग मऊ फडक्यानं त्या मेल्या टायरांना पॉलिश चोळतो, अगदी हलक्या हातानं.

"उन्हानं रबराला भेगा पडतात गं, जपावं लागतं," असं एकदा मलाच समजावत होता. माझ्या टाचांच्या भेगांत चादरीचे धागे अडकतात! संतापून मी चप्पल काढली आणि ओला पाय त्याच्यापुढे धरला. त्यानं नीट पाहिलं.

म्हणाला, "मागं सरक, टायरवर पाणी उडतंय."