तीन दिवस फक्त डावा हात

"यांना हार्ट अटॅक आलाय," डॉक्टर म्हणाले. "आणि तो आज सकाळीच आला असं वाटत नाही. त्रास कधीपासून होता?"

मी म्हणाले, त्रास असा काही नव्हता, तीन दिवस फक्त डावा हात दुखत होता. त्यांनी 'डावा हात, तीन दिवस' एवढंच कागदावर लिहून घेतलं. तेव्हा मला कळलं की त्रास म्हणतात तो तोच.

नाशिकच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या दाराशी हे बोलणं झालं. माझ्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून लिहितेय.

आमची वाडी धरणाच्या पाण्यापलीकडे. मागे डोंगर, पुढे पाणी. दळण, किराणा, मुलीची शाळा, दवाखाना, सगळं समोरच्या काठाला. वाडीत होड्या दोनच, एक शेजारच्या काकांची आणि एक आमची. मी अंगणवाडी सेविका. पोषण आहाराची पोतीसुद्धा यांच्याच होडीतून यायची. "पगार तुला आन हमाली मला," असं हे सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि मी रागावले की आणखी हसायचे.

आमच्याकडे पुरुष वल्ही मारतात आणि बायका डब्याने होडीतलं पाणी उपसतात. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण मी कधी वल्ह्याला हात लावला नव्हता. आणि वल्ही मारून हात दुखणं आमच्याकडे दुखण्यात धरतच नाहीत. तेल चोळायचं, मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं, सकाळी पुन्हा होडीत बसायचं. यांचा हात दुखायला लागला तेव्हा मीही तेच केलं. चोळून झाल्यावर उजवा हात घेतला, तर म्हणाले, "त्याला काय नाय झालं. डावाच चोळ." मी डावाच चोळला. तीन दिवस.

चौथा दिवस बाजाराचा. काकांची होडी माणसं घेऊन सकाळीच गेली, आमची मुलगीही तिच्यातूनच शाळेला गेली. थोड्या वेळाने यांना दरदरून घाम सुटला, उलटी झाली. वाडीत उरलेल्या म्हाताऱ्यांत वल्ही मारणारं कुणी नव्हतं. बाजारची होडी संध्याकाळशिवाय येत नाही.

मी म्हणाले, मी मारते वल्ही. हे म्हणाले, "तुला नाय जमायचं, मधीच गोल फिरत बसशील. तू पानी काढ."

मी ऐकलं. आजारी बायकोला दवाखान्यात न्यावं तसे हे वल्ही मारत मला घेऊन निघाले, आणि मी समोर बसून डब्याने पाणी उपसत होते. अर्ध्यावर हे थांबले. शर्ट अंगाला चिकटला होता. मी विचारलं, काय होतंय? काही नाही म्हणाले आणि पुन्हा वल्ही उचलली. ती अर्धी वाट मला आता रोज दिसते.

काठाला लागल्यावर जीप मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. छातीला तारा लावून हृदयाची चाल कागदावर उमटते ती ही तपासणी. पाच मिनिटं लागतात आणि जराही दुखत नाही. हृदयाचं आहे, नाशिकला न्या, असं तिथे सांगितलं आणि ॲम्ब्युलन्स करून दिली.

नाशिकला अँजिओग्राफी झाली. हातातल्या नसेतून नळी घालून हृदयाच्या नसा कुठे बंद झाल्यात ते बघतात. मोठी नस बंद होती. स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवली. डॉक्टरांनी कागदावर पेनने हृदय काढलं आणि त्याचा बराच भाग गिरवून काळा केला. एवढा मेला, म्हणाले. राहिलेल्यावर किती चालेल ते सांगता येणार नाही.

आत दिवसातून दोनदा पाच मिनिटं सोडायचे. तिसऱ्या दिवशी यांनी मास्क बाजूला करून विचारलं, "होडी बांधली का?"

आमच्याकडे काठाला लागलं की पहिलं काम ते. सुटी होडी वाऱ्याने गेली तर वाडीच अडकते. मी त्या दिवशी बांधली नव्हती. बांधली, असं मी सांगितलं. यांनी डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं ते.

सहाव्या दिवशी सकाळी हे गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, मी वल्ही मारली असती तर? ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पुढच्या माणसाला लवकर आणा." खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

होडी मुलीने बांधली होती. शाळेतून आली तेव्हा ती काठापासून सुटत चालली होती. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने ओढून आणली आणि बाबा आसपासच असतील म्हणून काका येईपर्यंत तिच्यात बसून राहिली.

तेरावं झाल्यावर मी काकांना म्हणाले, मला शिकवा. बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या. चार दिवस खरंच गोल फिरले. पाचव्या दिवशी मुलीला एकटीने पलीकडे सोडून आले. आता वाडीतल्या तिघी शिकल्यात. कुणी हात दुखतो म्हणालं की मी आधी विचारते, कुठला?

कारण त्या पाचव्या दिवशी घरी आले आणि माझे हात दुखायला लागले. तेलाची वाटी घेऊन बसले. डावा चोळला, मग उजवा. दोन्ही सारखेच ठणकत होते. वल्ह्यांनी दुखतात ते दोन्ही हात दुखतात. यांचा एकच दुखत होता, आणि ते यांनी मला सांगितलं होतं.